तीळ, मस की चामखीळ? काढायला जाण्याआधी, काढताना आणि काढल्यावर

दुकानात गर्दी असली की काही गिऱ्हाइकं कडेला उभी राहतात. पोराचं सिरप, आबांची बीपीची गोळी, कुणाचं इन्सुलिन असं सगळं मार्गी लागून काउंटर रिकामं झालं की पुढे येतात आणि हळूच विचारतात, “भाऊ, तीळ जाईल असं एखादं मलम आहे का?” अमळनेरला माझं मेडिकल सुरू होऊन बावीस वर्षं झाली, आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. उत्तर दर वेळी तेच. तिळाचं मलम नसतं. तीळ म्हणजे कातडीवर बसलेला डाग नव्हे, तो कातडीच्या आत रुजलेला असतो. वरून काहीही चोपडलं तरी तो जात नाही, फार तर वरची कातडी भाजते.

मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. तेव्हा इथे लिहिलंय ते डॉक्टरकडे जाईपर्यंतच्या आणि तिथून परत आल्यानंतरच्या वाटेबद्दल आहे. मधलं काम त्यांचं.

आधी त्याचं नाव ठरवा

आपल्याकडे अंगावर उगवलेल्या कुठल्याही बारक्या काळ्या गोष्टीला तीळ म्हणतात, जरा वर आलेली असली तर मस, आणि लोंबत असली तर चामखीळ. अहिराणीत तिळाचा ‘तीय’ होतो, एवढाच फरक. डॉक्टरच्या दृष्टीने मात्र ही चार-पाच वेगळ्या घरची मंडळी आहेत, आणि प्रत्येकाला घालवायची तऱ्हा वेगळी.

खरा तीळ म्हणजे रंगपेशींचा पुंजका. कातडीला रंग देणारं मेलॅनिन ज्या पेशी बनवतात त्या एरवी एकेकट्या विखुरलेल्या असतात. कुठे त्या गठ्ठ्याने राहिल्या की तिथे तीळ दिसतो. शंभरातल्या एखाद्या बाळाला तो जन्मतःच असतो, बाकीच्यांना लहानपणापासून तिशी-पस्तिशीपर्यंत नवनवे येत राहतात. तिळालाही वय असतं. कोवळेपणी तो सपाट आणि गडद असतो. पुढे पेशी खोल उतरत जातात तसा तो फुगतो, मऊ होतो, रंगाने फिका पडतो, कधी त्यातून केस येतो. आजीच्या हनुवटीवरचा कातडीच्याच रंगाचा मऊ मस बहुधा असा म्हातारा झालेला तीळ असतो. केस आला म्हणून घाबरू नका, केसवाला तीळ बहुतेक वेळा साधाच निघतो. टोचत असेल तर कात्रीने कापा. उपटलात तर मूळ पिकतं, तीळ सुजतो आणि घरभर धावपळ होते.

मानेवर, काखेत, पापणीवर बारीक देठाने लोंबते ती मऊ चामखीळ. तिचा रंगपेशींशी काही संबंध नाही, ती कातडीची घडीच असते. वजन जास्त असलेल्यांना आणि मधुमेहींना ती जास्त होते. चामखिळींबरोबर मानेवर मखमलीसारखा काळपट पट्टाही दिसत असेल तर चामखीळ काढायच्या आधी उपाशीपोटी साखर तपासून घ्या. अशा दोघातिघांना मी दुकानातून थेट लॅबमध्ये पाठवलंय. त्यातल्या एकाची साखर एवढी निघाली की चामखीळ वर्षभर तशीच राहिली, आधी साखरेचं बघावं लागलं.

बोटांवर, गुडघ्यावर, दाढीत येते ती खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी चामखीळ मात्र विषाणूची. ती एकाची दुसऱ्याला लागते आणि दाढी करताना ब्लेडने गालभर पसरते. सॅलिसिलिक ॲसिडचं जे पातळ औषध आम्ही छोट्या बाटलीत विकतो ते हिच्यासाठी आणि तळपायाच्या कुरुपासाठी असतं. चेहऱ्यावर किंवा तिळावर ते लावायचं नाही. बाटलीवर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांच्या गालांवर, डोळ्यांखाली मोहरीएवढे काळे दाणे येतात, वर्षागणिक वाढतात, आणि आईला असले की लेकीलाही येतात. हे तीळ नव्हेत. आपल्या सावळ्या कातडीत फार सापडणारी, पूर्ण निरुपद्रवी वाढ आहे ती. म्हाताऱ्या माणसांच्या पाठीवर मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे खडबडीत काळे-तपकिरी चट्टे दिसतात, तेही याच जातीचे. दोन्ही काढायला सोपे. नाही काढले तरी काही बिघडत नाही.

दिवसाउजेडी पंधरा मिनिटं

नाव ठरवायचं डॉक्टरने, पण बघायला सुरुवात तुम्ही करायची. सकाळच्या उजेडात, मोठ्या आरशासमोर. पाठ आणि मानेचा मागचा भाग घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. जो तीळ मनात आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी शाळेची पट्टी धरून. तीन महिन्यांनी तसाच दुसरा काढा. “वाढलाय असं वाटतंय” या वाक्याने डॉक्टरला फारसं कळत नाही. पट्टीवरचे दोन फोटो दाखवलेत तर लगेच कळतं.

फोटोत काय बघायचं? तिळाच्या मधून मनातल्या मनात रेघ ओढा. दोन्ही अर्धे सारखे हवेत. कड गोल आणि साफ हवी, फाटक्या पानासारखी नको. रंग एकच हवा. काळा, तपकिरी, लालसर, निळसर असे दोन-तीन रंग एकाच तिळात असतील तर दाखवा. ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे शिसपेन्सिलीच्या मागच्या खोडरबरापेक्षा मोठा असेल तरीही दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो बदलतोय का? महिन्यांच्या हिशोबात वाढणं, खाजणं, आपोआप रक्त येणं, खपली धरून पुन्हा सोलणं यांपैकी काहीही असलं तर बाकीच्या चार गोष्टी ठीक असूनही उशीर करू नका. पौगंडावस्थेत आणि गरोदरपणी सगळेच तीळ थोडे गडद होऊ शकतात. पण बाकीचे जसेच्या तसे असताना एकटाच तीळ वेगळा वागत असेल तर तो डॉक्टरने बघायला हवा. चाळिशीनंतर नव्याने उगवलेला ‘तीळ’सुद्धा एकदा दाखवावा. बहुतेकदा तो वर सांगितलेला मेणाचा ठिपकाच असतो, पण ते डॉक्टरला म्हणू द्या.

मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या देशांच्या मानाने फार क्वचित होतो. म्हणून प्रत्येक तिळाकडे संशयाने बघत बसू नका. फक्त एक गोष्ट वेगळी आहे. सावळ्या लोकांत तो उन्हातल्या कातडीपेक्षा तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली जास्त सापडतो. आणि तळपाय आपण कधी बघतो? कपाशी निंदणाऱ्या, केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्या माणसाच्या पायाला चिखल, भेगा, काटा मोडल्याचे डाग एवढं सगळं असतं की नवा काळा डाग त्यात खपून जातो. तेव्हा महिन्यातून एकदा पाय स्वच्छ धुऊन टाचा उलट्या करून बघा. नखात उभी काळी रेघ आली असेल, ती एकाच बोटाला असेल, रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर “दार लागलं असेल बोटाला” म्हणून सोडू नका. लागल्याचा काळा डाग नखाबरोबर पुढे सरकत जातो आणि काही महिन्यांत नखाबरोबरच कापला जातो. ही रेघ मुळापासून हलत नाही.

मावशीचा मस

माझी एक मावशी पारोळा तालुक्यात असते. साठी उलटलेली, पण अजून शेतात जाणारी. तिच्या नाकाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा चमकदार मस आला होता. दीड-दोन वर्षं तो हळूहळू वाढत होता. मधोमध खपली यायची, तोंड धुताना निघायची, थेंबभर रक्त यायचं, पुन्हा खपली. मी म्हणालो दाखवू या, तर तिचं ठरलेलं उत्तर, “काही व्हत नही, ऱ्हाऊ दे.” दुखत नव्हता ना.

शेवटी नातवाच्या लग्नात फोटो चांगला यावा म्हणून सुनेने तिला शहरात एका ठिकाणी नेलं. तिथे दहा मिनिटांत लेझरने जाळून टाकला. पैसे घेतले, मलम दिलं, विषय संपला. जाळलेल्यातलं काही तपासायला पाठवलं नव्हतं. जाळल्यावर पाठवायला उरतंच काय? आठ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा तेच, या वेळी हरभऱ्याएवढं. मग मात्र मी तिला स्वतः त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंगाचा दिवा लावून बघितलं, बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. बेसल सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे कातडीचा कर्करोग. त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचा, कारण तो शरीरात दुसरीकडे सहसा पसरत नाही. पण ठेवला तर जागच्या जागी कातडी, कूर्चा पोखरत जातो. नाक, पापणी, गाल या उन्हाच्या जागी येतो, आणि आपल्या रंगाच्या माणसांत तो काळा असल्यामुळे सरळ तिळात गणला जातो. शस्त्रक्रिया झाली, कडा साफ आल्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोग सापडला नाही, मावशी ठणठणीत आहे. फक्त जखम आधीच्या दुप्पट मोठी करावी लागली.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. जे काढाल ते बाटलीत पडलं पाहिजे, म्हणजे तपासायला गेलं पाहिजे. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मेलिनची ती इवलीशी बाटली, तिच्यावर चिकटवलेलं नाव, वय, ‘नाकाची उजवी कड’ असं लिहिलेलं लेबल, आणि तळाशी मुगाच्या डाळीएवढा तुकडा. मानेवरच्या लोंबत्या चामखिळी किंवा गालावरचे मोहरीचे दाणे डॉक्टरने नीट बघून ओळखले असतील तर त्यांना बाटलीची गरज नसते. तीळ असेल, त्याबद्दल जराही शंका असेल, किंवा तो बदललेला असेल, तर बाटलीशिवाय काढू देऊ नका.

काढायचा की राहू द्यायचा

साधा तीळ काढलाच पाहिजे असं नसतं. ब्रेसियरच्या पट्ट्याला, शर्टच्या कॉलरला, वस्तऱ्याला घासतो, मंगळसूत्रात अडकतो, ही कारणं पुरेशी आहेत. आवडत नाही, हेही पुरेसं कारण आहे, त्यासाठी कुणाला सफाई द्यायची गरज नाही. “अमक्या जागचा तीळ भाग्याचा, काढला तर लक्ष्मी जाते” असं सांगणारं प्रत्येक घरात कुणीतरी असतं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणावं, विषय मिटतो. ‘तीळ कापला की कॅन्सर होतो’ ही भीती मात्र खोटी आहे. साधा तीळ कापल्याने कर्करोग होत नाही. आधीपासून कर्करोग असलेला मस अर्धवट जाळला की पुढे तो उघड होतो, आणि दोष कापण्यावर येतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. ओळखखूण. सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात, भरतीच्या वैद्यकीय अर्जात ‘उजव्या गालावर तीळ’ असं लिहिलेलं असतं. पोलीस किंवा सैन्याच्या भरतीच्या मधोमध तोच तीळ काढून बसू नका. भरती होऊ द्या. आणि नोकरीत असाल तर डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा आणि कार्यालयात नोंद बदलून घ्या.

बिब्बा, चुना आणि घोड्याचा केस

बिब्बा लावून तीळ घालवायचा प्रयत्न म्हणजे आपल्याच गालात बिब्बा घालणं. बिब्ब्याचा रस कातडी जाळतो, फोड आणतो आणि वर न जाणारा काळा डाग ठेवतो. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला तोच वापरायचे, यावरून काय ते समजा. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून ठिपका लावायची पद्धत अजून चालू आहे. या दोघांच्या मिश्रणातून कॉस्टिक सोडा तयार होतो, तोच जो तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात. तो कातडीत किती खोल उतरेल हे लावणाऱ्याच्या हातात राहत नाही. तिळापेक्षा मोठा खड्डा घेऊन आलेली मुलगी मी पाहिली आहे. पुढे वर्षभर ती ओढणी गालावर ओढून कॉलेजला जात होती.

घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची गोष्ट जरा वेगळी. घोड्यांच्या बाजाराची सारंगखेड्याची यात्रा आली की कुणी ना कुणी केस आणून ठेवतं. देठाची चामखीळ घट्ट आवळली तर रक्तपुरवठा तुटून ती काळी पडून गळते, त्यामागचं तत्त्व खोटं नाही. पण अस्वच्छ केस, सैल गाठ, मध्येच पिकलेली जखम, आणि मधुमेही माणूस. चार रुपये वाचवायला चारशेची अँटिबायोटिक. तिळाला किंवा मसाला तर केस बांधूच नये, त्याला देठच नसतो.

आयुर्वेदात चर्मकीलासाठी, म्हणजे चामखिळीसाठी, क्षारकर्म (क्षार लावून जाळणं) आणि अग्निकर्म (डाग देणं) सांगितलेलं आहे, आणि शिकलेला वैद्य ते नीट करतो. चामखिळीला माझी हरकत नाही. पण तिळाला नको, कारण तिथेही बाटलीत पडायला काही उरत नाही. ऑनलाइन मिळणारी तीळ जाळायची पेनं आणि पार्लरमधल्या खुर्च्या यांच्यापासून लांबच राहा.

कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पाटीवर एम.डी. त्वचारोग, डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. असं काहीतरी दिसलं पाहिजे. ‘स्किन ॲण्ड लेझर’ एवढंच लिहिलेलं असेल तर पदवी विचारा, विचारायला लाजू नका. मोठा तीळ, पापणीवरचा किंवा ओठाच्या कडेचा असेल तर ते प्लास्टिक सर्जनकडे पाठवतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे केसपेपर काढून त्वचा विभागात दाखवता येतं. लोक अजून त्याला सिव्हिलच म्हणतात आणि “सिव्हिलला कोण जाणार” असंही म्हणतात, पण शंकेच्या तिळासाठी तेच बरं. तिथे कापणारा आणि तपासणारा दोन्ही एका आवारात असतात.

दर ठिकठिकाणी एवढे वेगळे आहेत की मी आकडा लिहीत नाही. तुम्ही मात्र तोंडी नको, कागदावर विचारून घ्या. भाव एका तिळाला की एका बैठकीला? तपासणीचे, टाके काढण्याचे, नंतर दाखवायला येण्याचे पैसे त्यात धरलेत का? रंग परत आला तर पुन्हा पैसे पडतील का? शोभेसाठी काढलेल्या तिळाचा खर्च आरोग्य विमा देत नाही. संशयावरून काढला असेल तर कागद जपून ठेवा आणि विचारून बघा.

आणि हे त्यांनी न विचारताच सांगा: मधुमेह आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे (ती स्वतःहून बंद करायची नाही), पेसमेकर आहे, गरोदर आहे, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतोय, दातांच्या भुलीच्या इंजेक्शनने एकदा त्रास झाला होता. कान टोचल्यावर गाठ वाढली असेल, लस टोचलेल्या जागी वळ फुगला असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. हा केलॉइडचा स्वभाव. छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग, जबडा इथे तो जास्त उफाळतो. छातीवरचा डाळीएवढा तीळ काढून शेंगेएवढी गाठ पदरात घेण्यापेक्षा तीळ बरा.

काढायच्या पद्धती

सगळ्यांना लेझर हवा असतो. लेझर शब्दाला एक चकाकी आहे. पण तीळ कसा काढायचा हे तिळाची खोली, जागा आणि शंका यांवरून ठरतं, यंत्राच्या किमतीवरून नाही.

वर आलेला, मऊ, चेहऱ्यावरचा मस असेल तर बरेच डॉक्टर तो कातडीच्या पातळीवर तासून काढतात. ब्लेडने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे विजेच्या लहरींनी कापणाऱ्या, तारेच्या फासाने. टाका नाही, जखम उथळ, व्रण सहसा दिसेनासा होतो, आणि तुकडा बाटलीत जातो. खोट एकच, मुळं आत राहतात. काही महिन्यांनी जागी पुन्हा रंग किंवा केस येऊ शकतो. अशा वेळी नव्या डॉक्टरला जुना रिपोर्ट दाखवला नाही तर त्यालाही तो उगाच संशयास्पद वाटतो.

लहान पण खोल तिळाला पंच. गोल धारेचं पेनसारखं हत्यार असतं, २ पासून ८ मिलिमीटरपर्यंतच्या मापाचं. टरबूजवाला लाली दाखवायला टाकी लावून फोड बाहेर काढतो, अगदी तसाच तिळाचा दंडगोल मुळासकट निघतो. भोकाला एखाद-दुसरा टाका. परत यायची शक्यता फार कमी.

मोठ्या किंवा शंकेच्या तिळाला पानाच्या आकाराचा छेद आणि टाके. इथे लोक फसतात. तीळ ५ मिलिमीटरचा आणि टाक्यांची रेघ दीड सेंटिमीटरची का, म्हणून भांडायला उठतात. गोल भोक शिवलं तर दोन्ही टोकांना चुण्या पडतात. त्या पडू नयेत म्हणून छेद रुंदीच्या साधारण तिप्पट लांब घ्यावा लागतो. चांगला सर्जन ती रेघ कातडीच्या नैसर्गिक सुरकुतीत लपवतो. आधीच विचारा, “रेघ किती लांब होईल, कुठल्या दिशेने जाईल?” पेनाने आखून दाखवतात.

गालावरचे काळे दाणे, मानेच्या चामखिळी यांना विजेने जाळणारी कॉटरी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी पुरते. एका बैठकीत वीस-तीस निघतात. पण गालभर एकदम जाळू देऊ नका. चार दाणे कडेचे काढून महिनाभर बघा, डाग कसे राहतात ते कळलं की बाकीचे. कार्बन डायऑक्साइड लेझर पेशींमधल्या पाण्याची वाफ करून थर उडवतो. पक्का साधा ठरलेला, उथळ, छोटा तीळ असेल तर छान काम करतो. मावशीच्या मसासारख्याला नाही. टॅटू आणि डाग काढायचा लेझर वेगळा असतो, वर आलेल्या तिळाला तो चालत नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गोठवतात ती विषाणूची चामखीळ, तीळ नव्हे.

मुहूर्त

आपल्याकडे लग्नं उन्हाळ्यात, अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे. मग मार्चअखेर नवऱ्या मुली रांगेत, “पंधरा दिवसांवर हळद आहे, जाईल ना तोवर?” तीळ जाईल. जागा गुलाबी राहील, त्यावर हळद लागेल, मंडपात घाम येईल, वर जळगाव-भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा पारा. सावळी कातडी जखमेनंतर ऊन लागलं की काळी पडते, आणि तो डाग तिळापेक्षा मोठा असतो. रंग बसायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणून लग्न एप्रिल-मेमध्ये असेल तर दिवाळी ते संक्रांत या काळात काढून घ्या. थंडीत घाम नाही, ऊन कोवळं, मफलर बांधला तरी कुणी विचारत नाही. कपाशी वेचणीच्या दिवसांत हातापायावरचे टाके नकोत, दोन आठवडे विश्रांती कोण देणार तुम्हाला?

त्या दिवशी

पोटभर जेवून जा, उपाशी गेलं की भूल दिल्यावर गरगरतं. मेकअप, पावडर, मंगळसूत्र, साखळी घरी. छोट्या कामाला भुलीचं मलम लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवतात आणि पाऊण-एक तास बसवतात. ते पुसून लगेच सुरू करा अशी घाई करू नका. कापायचं असेल तर लिग्नोकेनचं इंजेक्शन, ते टोचताना दहा सेकंद झोंबतं. नंतर ओढल्यासारखं कळतं, दुखत नाही. जाळताना केस जळल्यासारखा वास येतो, तेवढी तयारी ठेवा. निघण्याआधी बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा. एकाच वेळी दोन तीळ काढले असतील तर बाटल्या दोन हव्यात.

नंतरचे दिवस

पहिले चोवीस तास पट्टी ओली करायची नाही. मग साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, टिपायचं, दिलेलं मलम पातळ लावायचं. जखम कोरडी ठणठणीत करायची आपली जुनी सवय चुकीची आहे. ओलसर राखलेली जखम लवकर भरते आणि व्रण कमी ठेवते. अँटिबायोटिकची पावडर भुरभुरवू नका, ती खपलीत दगडासारखी बसते. लेझर-कॉटरीची खपली सात ते दहा दिवसांत आपोआप पडते. ती नखाने काढणाऱ्याच्या गालावर खड्डा उरतो, हे मी पैजेवर सांगतो. चेहऱ्याचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी, पाठीचे आणि पायाचे दहा ते चौदा दिवसांनी. लाली पसरत चालली, पू आला, ठणका वाढला, ताप आला तर दुकानात येऊ नका, डॉक्टरकडे जा.

कातडी जुळली की सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वरचं, घराबाहेर दर दोन-तीन तासांनी. महाग वाटत असेल तर निदान पांढरा रुमाल, टोपी, स्कार्फ. व्रण उठतोय असं वाटलं तर सिलिकॉन जेल दोन-तीन महिने. आणि डाग जावा म्हणून शेजारणीने सांगितलेली ‘गोरं करणारी’ क्रीम आणू नका. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं, कातडी कागदासारखी पातळ होते आणि गालावर केसासारख्या लाल रेषा दिसू लागतात.

राहता राहिलं काम, जे निम्मे लोक करत नाहीत. रिपोर्ट आणणं. साधारण आठवड्याभरात तयार होतो. जखम भरली, आरसा बरा दिसतोय, मग कोण जातंय? जा. त्यात तीळ साधा आहे असं लिहिलंय का आणि कडा मोकळ्या आहेत का, या दोन गोष्टी डॉक्टरकडून समजून घ्या. मोबाइलमध्ये फोटो काढा आणि कागद घरी ठेवा. मावशीने तिचा सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलाय, पीककर्जाच्या कागदांच्या वर. दर सहा महिन्यांनी नाक दाखवायला जाते तेव्हा ती सगळी फाईलच पिशवीत घालून नेते.